अठरा इंची नाईल

आमच्या घरी आलेल्या वस्तूला लॅपटॉप म्हणणं म्हणजे म्हशीला मांजर म्हणण्यासारखं होतं. पण खोक्यावर तसं छापलं होतं, आणि छापलेल्यावर विश्वास ठेवायची मला अडतीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे सवय आहे. पडदा अठरा इंचांचा, वजन चार किलो. सोबत चार्जर, तो वेगळा सव्वा किलोचा. आमच्या तांता शहरात घराच्या भिंतींना लावतात ती वीट याहून लहान असते.

माझी बायको इन्शिराह खोकं उघडताना कंबरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "हे मांडीवर ठेवायचं यंत्र? आपला कमाल जन्मला तेव्हा एवढा जड नव्हता. आणि तो निदान वर्षभरात चालायला लागला. हे कधी चालायला लागणार?"

मी म्हणालो, "इन्शिराह, हे शिकवण्यासाठी आहे."

"तुम्हाला?"

"रिताजला."

यावर तिनं कंबरेवरचे हात खाली घेतले. रिताजचं नाव निघालं की आमच्या गल्लीत कुणीही जरा नरमतं.

रिताज समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. वय बारा. चष्म्याच्या काचा चहाच्या पेल्याच्या बुडाएवढ्या जाड. सहावीत ती सगळ्या विषयांत पास झाली आणि भूगोलात गेली. आता ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा परीक्षा, आणि त्यातही गेली तर वर्ष वाया. तिच्या मैत्रिणी पुढच्या शाळेत जाणार आणि ही तिच्याहून वीतभर लहान पोरांबरोबर त्याच बाकावर बसणार. या गोष्टीवर ती रडायची नाही. नुसती चष्मा काढून पुसत बसायची, आणि ते रडण्यापेक्षा बघवत नसे.

भूगोल हा माझा विषय. गल्लीतलं एक लेकरू भूगोलात नापास होतं आणि मी वरच्या मजल्यावर बसून निवृत्तिवेतन खातो, हे काही बरोबर नव्हतं. मी तिला शिकवायला घेतलं आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की, पुस्तकातला इजिप्तचा नकाशा अंगठ्याएवढा आहे. तिला त्यात नाईल दिसतच नव्हती, एखादा केस पडलाय असं वाटायचं. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. नदीच्या प्रवाहाचा बाण ती दरवेळी समुद्राकडून दक्षिणेतल्या अस्वानकडे काढायची.

"रिताज, बाळा, नदी समुद्राला मिळते. समुद्रातून निघत नाही."

"पण उस्ताद, समुद्र वर आहे आणि अस्वान खाली आहे."

"नकाशात."

"हो, नकाशात. पाणी वरून खाली येतं ना? आमच्या नळाचंसुद्धा."

मी म्हणालो, "हे लक्षात ठेव, एवढंच." अडतीस वर्षं मी हेच म्हणत आलो होतो.

डोळ्यांचा प्रश्न मात्र पैसे टाकून सुटण्यासारखा होता. माझा भाचा हातेम अशा वस्तूंमधला जाणकार. तो म्हणाला, "मामा, मोठा पडदा हवा तर साधा कॉम्प्युटर घ्या."

मी म्हणालो, "पण तो एका जागी राहील. वीज कधी या बाजूची जाते, कधी त्या बाजूची. वर्ग हलता हवा."

"मग असं घ्या की ज्यात कॉम्प्युटरची ताकद आणि लॅपटॉपची सोय, दोन्ही आहे."

दोन्ही गुण एकत्र आणायचे म्हटलं की दोन्हीकडचे दुर्गुणही बिनबोलावता येतात, हे लग्न जमवणाऱ्या बायकांना ठाऊक असतं. भाच्याला नव्हतं. मला असायला हवं होतं.

पहिल्या दिवशी यंत्र वर आणलं रऊफनं. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे पेचकस आहे त्याला सगळे बाशमुहंदिस म्हणतात, म्हणजे मोठे इंजिनिअर. रऊफकडे पेचकसांचा संच आहे, त्यामुळे त्याचा मान फारच मोठा. लिफ्ट बंद होती, म्हणून त्यानं खोकं खांद्यावर घेऊन चार मजले चढवलं, वर येऊन ठेवलं, आणि वाकला तो वाकलाच. त्या दिवसापासून तो यंत्राला हात लावत नाही, फक्त सल्ला देतो. माझ्या मणक्याची एक चकती आधीच सरकलेली. डॉक्टरांनी तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही असं कागदावर लिहून दिलेलं. म्हणजे माझं यंत्र हलतं होतं, पण हलवणारा कोणी नव्हता.

तरी खरं सांगतो, मी त्याच्या प्रेमात पडलो. पडदा उघडला की खोलीत खिडकी उघडल्यासारखं व्हायचं. नाईल हातभर लांब व्हायची. रिताज पहिल्यांदा पाहून म्हणाली, "उस्ताद, ही वाकडी आहे!" बारा वर्षांत तिला ठाऊक नव्हतं की आपली नदी केना गावाजवळ एवढं मोठं वळण घेते. गल्लीतली पाचसहा पोरं भोवती बसली तरी कुणाला मान वाकडी करावी लागत नसे. आवाज इतका खणखणीत की खालच्या गल्लीतून अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका, निवडुंगाची बोंडं विकणारा म्हातारा, ओरडून विचारायचा, "उस्ताद, ती यंत्रातली बाई काय म्हणाली, असियूतमध्ये कापूस होतो का?"

आता दुसरी बाजू. यंत्राचा पंखा सुरू झाला की प्रेशर कुकर शिट्टीच्या बेतात आल्यासारखा वाटे. इन्शिराह दोनदा स्वयंपाकघरात धावत गेली. चार्जर इतका तापायचा की ती त्याच्यावर कणकेचं भांडं फुगायला ठेवू लागली. "काहीतरी उपयोग झाला," असं ती शेजारणींना सांगायची. टेबलावर यंत्र ठेवलं की दुसरं काही मावत नसे, म्हणून मी जेवायचो मांडीवर ताट घेऊन. मांडीवरचं यंत्र टेबलावर आणि टेबलावरचं ताट मांडीवर. आणि बॅटरी! वायर काढली की पडदा लिहायचा, एक तास पन्नास मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. चाळीस मिनिटं. माझ्या अडतीस वर्षांत इतकं सफाईनं खोटं बोलणारा विद्यार्थी एकच झाला, आणि तो पुढे नगरपालिकेवर निवडून आला.

तोवर सगळं ठीक चाललं होतं, कारण रिताज सकाळी यायची आणि सकाळी वीज असायची. शेवटच्या आठवड्यात शाळेनं उजळणीचे वर्ग लावले, साडेतीनपर्यंत. चार वाजता तिची आई नर्स म्हणून कामावर जाते आणि दोन वर्षांची जुळी भावंडं रिताजच्या गळ्यात पडतात. ती एकदा जुळ्यांना घेऊन आमच्याकडे आली. त्यातल्या एकानं यंत्राचं एक बटण उपटून तोंडात टाकलं. ते मिळालं, पण इन्शिराहनं जाहीर केलं की ज्यांना दुधाचे दात आहेत त्यांना या घरात प्रवेश नाही.

म्हणजे वर्ग तिच्याकडे न्यायला हवा, चार वाजता. आणि आमच्या बाजूची वीज जायची ती बरोबर चार वाजता. वीज नाही म्हणजे लिफ्ट नाही.

मी वीज कचेरीत गेलो. खिडकीमागचा कारकून पुठ्ठ्यानं वारा घेत होता, कारण कचेरीतही वीज नव्हती.

"आमच्या बाजूची कपात एक तास पुढे ढकलता येईल का? फक्त तीन दिवस. एका मुलीची परीक्षा आहे."

"कसली कपात?"

"वीजकपात."

"तुमच्या भागात कपात नाही." त्यानं एक कागद दाखवला. "हे बघा. नोंदच नाही. जी गेलेलीच नाही ती पुढे कशी ढकलणार?"

"आत्ता इथे वीज आहे?"

"नाही."

"मग ती गेलेली आहे ना?"

"गेलेली नाही हो. भार हलका केलाय." मग तो जरा नरमला. "अर्ज देऊन बघा. तीन प्रती, प्रत्येकीवर गरुडाचा सरकारी शिक्का. शिक्का दुसऱ्या मजल्यावर."

दुसऱ्या मजल्यावर शिक्का होता, पण शिक्क्याच्या कपाटाची किल्ली ज्या बाईंकडे होती त्या भावाच्या लग्नाला गेल्या होत्या. परत खाली आलो तेव्हा कारकून उठून उभा राहिला होता. "उस्ताद वग्दी ना तुम्ही? मी तुमच्याच वर्गातला. मला तुम्ही नाईलच्या बाणावर शून्य दिलं होतंत."

"समुद्राकडून काढला असशील."

"हो," तो म्हणाला. "मला अजून तसंच वाटतं."

मी तसाच घरी परतलो.

मंगळवार उजाडला. परीक्षा गुरुवारी. चार वाजता वीज गेली. रिताज समोरच्या गॅलरीत एक भावंड कडेवर आणि एक पायाशी घेऊन माझ्याकडे बघत उभी. आमची गल्ली इतकी अरुंद आहे की समोरच्या घरातल्या आमटीत मीठ कमी पडलं तर इकडून टाकता येईल. दिसत होती ती माझ्या लेकीसारखी जवळ, आणि मध्ये चार मजल्यांचा जिना.

तेव्हा इन्शिराहच म्हणाली, "टोपली आहे की."

प्रत्येक गॅलरीला आमच्याकडे दोरीची टोपली असते. भाजीवाल्याला वरून हाक मारायची, टोपली सोडायची, टोमॅटो वर ओढायचे. आजवर त्या टोपलीनं टरबुजं चढवली आहेत, एकदा जिवंत बदकही. चार किलोंचं यंत्र म्हणजे मधल्या मापाचं टरबूज. ते उतरवायचं, मग मी मोकळ्या हातांनी जिना उतरायचा, आणि खाली उभ्या असलेल्या शहाताच्या गाडीवरून ते समोरच्या लिफ्टपर्यंत न्यायचं. त्या बाजूला वीज होती.

अडचण एकच. यंत्र टोपलीत आडवं मावेना. अठरा इंच!

खालून रऊफ ओरडला, "उस्ताद, उघडा, पडदा पार मागे दुमडा आणि तंबूसारखं उभं करा! बिजागरी वर, दोन्ही कडा खाली. माझ्यावर सोडा!"

"तुझ्यावर सोडलं तर तू पुन्हा वाकशील."

"सल्ला म्हणतोय मी!"

सल्ला चांगला होता, हीच गोम होती. तंबूसारखं उभं केल्यावर ते टोपलीत अगदी फिट्ट बसलं. उथळ टोपलीच्या काठावर आलेला पडदा गल्लीकडे, बटणांची बाजू भिंतीकडे. नकाशा मोठ्या मिनतवारीनं उघडून ठेवला होता, म्हणून यंत्र बंद केलं नाही. इन्शिराहनं आपल्या गाऊनच्या पट्ट्यानं ते आवळून बांधलं, वर "बिस्मिल्लाह" म्हटलं, आणि मी दोरी सोडू लागलो.

चौथा मजला. तिसरा. दुसऱ्या मजल्यावर सित्त तहानीबाईंची धुणं वाळत घालायची लोखंडी पट्टी भिंतीतून हातभर बाहेर आलेली आहे. टोपलीची मूठ तिच्यात अडकली. खाली जाईना, वर येईना. मी ओढली तर पट्टी कुरकुरली.

"ओढू नका!" रऊफ ओरडला. "पट्टी निघेल!"

"सोडूही नका!" शहाता ओरडला. "माझी बोंडं आहेत खाली!"

सित्त तहानी महल्ला शहरात लेकीकडे गेल्या होत्या. त्यांचं दार बंद. मी दोरी दोन्ही हातांनी धरून चौथ्या मजल्यावर उभा. ओढायची सोय नाही, सोडायची सोय नाही. खाली गर्दी जमली. कुणी म्हणालं अग्निशमन दल बोलवा, कुणी म्हणालं मांजर चढवा. एका बाईनं विचारलं कोण वारलं.

मी हिशेब केला. चाळीस मिनिटांतली सहा गेली. दोन दिवसांवर परीक्षा, आणि माझी सगळी नाईल सित्त तहानीबाईंच्या पायमोज्यांमध्ये लटकलेली.

"उस्ताद!" समोरून रिताजची हाक आली. "मला दिसतंय!"

"काय दिसतंय?"

"सगळं! नकाशा! अगदी समोर आहे माझ्या!"

तिची गॅलरी दुसऱ्या मजल्यावर, टोपली दुसऱ्या मजल्यावर. मधे चार पावलांची गल्ली. बिचारा तो पडदा उन्हातसुद्धा दिव्यासारखा पेटलेला होता, हे त्याचं मी कधी विसरणार नाही. मी दोरी कठड्याला दोन वेढे मारून घट्ट धरली आणि घसा साफ केला.

"वर्ग सुरू! रिताज, अस्वान कुठे?"

"सगळ्यात वर!"

महिनाभराची मेहनत! "खाली, बाळा, खाली! नीट बघ."

"वर आहे, उस्ताद!"

"वरच आहे हो," शहातानं दुजोरा दिला.

"शहाता, तू बोंडं सोल! रिताज, दुम्यात बंदर कुठे?"

"डावीकडे!"

"उजवीकडे!"

"डावीकडे!" आता अख्खी गल्ली ओरडली. मला पडदा दिसत नव्हता. मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. पण नकाशा मला दिसावा लागत नाही. मी म्हणालो, "मी अडतीस वर्षं हा नकाशा शिकवलाय! झोपेत काढून दाखवीन!"

खाली कुणीतरी हळूच म्हणालं, "वय होतंच माणसाचं." चौथ्या मजल्यापर्यंत हळू बोललेलंच स्पष्ट ऐकू येतं. इन्शिराहनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पाणी देऊ का?" त्या प्रेमळ स्वरानं मी जास्तच दुखावलो.

शेवटी रऊफनं मान खाली घालून, जवळजवळ गुडघ्यांतून पडद्याकडे पाहिलं. त्याच्या कंबरेला ते सवयीचं झालंच होतं. "उस्ताद! यंत्र उलटं लटकलंय! तंबूसारखं ठेवलं ना. तो सगळा इजिप्त डोक्यावर उभा आहे!"

गल्ली हसली. मीही हसलो, कारण अब्रू परत मिळाली होती. फक्त रिताज हसली नाही. ती कठड्यावर पुढे वाकली होती.

"उस्ताद, थांबा. आता बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"अस्वान वर आहे. तिकडे डोंगर आहेत ना, तुम्ही म्हणाला होतात उंच आहे? मग पाणी अस्वानहून सुटतं, खाली येतं, लक्सॉर, असियूत, कैरो..." तिचं बोट हवेत वरून खाली येत होतं. "मग दोन फाटे, मग समुद्र! ते खालीच येतंय, उस्ताद! नळासारखं! मग पुस्तकात उलटा का छापलाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नकाशात उत्तर दिशा वर धरायची ही माणसांनी आपसांत ठरवलेली गोष्ट आहे, नदीला ती कुणी विचारलेली नाही, हे मला माहीत होतं. अडतीस वर्षं माहीत होतं. एकदाही कुठल्या पोराला नकाशा फिरवून दाखवला नव्हता. वीज कचेरीतल्या त्या पोराला शून्य देऊन मोकळा झालो होतो.

"चुकीचा नाही छापला," मी म्हणालो. "पण तुला हवा तसा फिरवायची मुभा आहे. कागद तुझा आहे."

पुढची अठ्ठावीस मिनिटं आम्ही सगळी नाईल पालथी घातली. मी प्रश्न विचारायचो, ती उत्तर द्यायची, चुकली तर शहाता हळहळायचा, बरोबर आली तर एक बोंड सोलून जुळ्यांसाठी बाजूला ठेवायचा. कापूस, ऊस, धरण, कालवे. रशीद फाटा, दुम्यात फाटा, मधे आपलं तांता. मग पडदा एकदा लुकलुकला आणि विझला. बॅटरीनं स्वतःचा शब्द नाही, तरी माझा हिशेब पाळला होता. अगदी चाळीस मिनिटं.

सहा वाजता सित्त तहानी आल्या. आपल्या गॅलरीत येऊन त्यांनी दोन किंकाळ्या मारल्या, एक यंत्र पाहून आणि दुसरी त्याला बांधलेला इन्शिराहचा गाऊनचा पट्टा पाहून. पण यंत्र त्यांनी उचलून आत घेतलं. सित्त तहानी अंगानं दणकट. तेच यंत्र काखेत मारून दोन मजले त्या स्वतः चढून आल्या आणि टेबलावर ठेवत म्हणाल्या, "एवढंसं तर आहे. मला सांगायचं होतंत." रऊफ दोन दिवस कुणाच्या नजरेला पडला नाही.

गुरुवारी परीक्षा झाली. मी शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभा होतो. रिताज बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा.

"काय झालं?"

"मी कागद उलटा धरला. बाई म्हणाल्या सरळ धर. मी म्हणाले, बाई, मला असंच समजतं. त्या म्हणाल्या, परीक्षेत चाळे करू नकोस."

"मग?"

"मग मी तसाच उलटा धरला." ती चष्मा पुसू लागली. "मी बाण काढला, पण उस्ताद, नकाशा अंगठ्याएवढाच होता. मला रेषा दिसत नव्हती. नदी जिथे असेल असं वाटलं तिथे काढला."

मी तिच्या हातात रसाचा पेला दिला.

दहा दिवसांनी निकाल लागला. यादी फाटकावरच्या काचेमागे, अक्षरं मुंग्यांसारखी, आणि पुढे आयांची ही गर्दी. रिताज तीनदा आत घुसली आणि तीनदा बाहेर आली. तिला काचेवर स्वतःचा चष्माच दिसत होता. रऊफनं हात उंच करून फोनवर फोटो काढला. मी म्हणालो, "मला वाचून दाखवू नकोस. कुणीच वाचू नका. घरी चला."

घरी येईपर्यंत आमच्यामागे निम्मी गल्ली. चारला दहा कमी. मी यंत्र उघडलं, फोटो त्यात घातला. पंखा कुकरसारखा घुं घुं करू लागला, आणि या वेळी इन्शिराह स्वयंपाकघराकडे धावली नाही. यादीची पाटी पडदाभर पसरली. मी ती मोठी केली, अजून मोठी केली, सरकवत सरकवत खाली आलो. रिताज पडद्यासमोर बसली होती. तिच्यामागे तिची आई, कामावरच्या पांढऱ्या कपड्यांत, जुळ्यांच्या तोंडावर एकेक हात ठेवून.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचलं, आणि ओठ घट्ट मिटून धरले. मला वाटतं, आमच्या गल्लीच्या इतिहासात एवढा वेळ कुणी एखादी बातमी पोटात ठेवली नसेल.

रिताजनं बोट पडद्यावर टेकवलं आणि अक्षर अक्षर वाचलं. "रि... ताज... महमूद... उत्तीर्ण."

तिच्या आईच्या तोंडून झगारीत निघाला, तो हर्षाचा लांब, लहरता आवाज, आणि त्यापाठोपाठ सगळ्या बायकांचा. तेवढ्यात चार वाजले आणि वीज गेली. पंखे थांबले, दिवे विझले. पडदा मात्र तसाच पेटलेला होता.

रिताजनं मागे वळून पाहिलं नाही. "उस्ताद," ती म्हणाली, "अजून मोठं होतं?"

मी मोठं केलं. आजूबाजूची नावं एकेक करून कडेबाहेर गेली. रेघा गेल्या, आकडे गेले. अठरा इंचांच्या पडद्यावर फक्त तिचं नाव आणि तो एक शब्द उरला.

"अजून," ती म्हणाली.